सभेला गेलेल्या पगड्या

फार पूर्वीची गोष्ट आहे, असे म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. मला तर ती अजून चालूच आहे असे वाटते. एका नगरात एक तांबट राहत होता. तांब्याची भांडी घडवायचा, आणि उरलेल्या वेळात मते घडवायचा. दोन्ही ठोकून ठोकून.

नगर एका रुंद नदीच्या काठी वसले होते. अलीकडच्या काठाला बाजार, देऊळ आणि कारागिरांच्या आळ्या. पलीकडच्या काठाला मळे आणि थोडी जुनी घरे. ये-जा करायला एक होडी होती. तांबटाच्या आळीतून खाली उतरले की होडीचा धक्का, आणि होडीत बसले की बोलता बोलता पलीकडे.

तिथला राजा बरा होता. बरा अशासाठी की रस्ता, तलाव, धर्मशाळा, काहीही बांधायचे झाले की तो आधी सभा बोलवायचा. सभामंडपात प्रत्येक घराला एक जागा होती आणि त्या जागेवर बसणाऱ्याला मनातले बोलायची पूर्ण मोकळीक होती. आजूबाजूच्या नगरांत असले काही नव्हते. तिथल्या लोकांना या नगराचा हेवा वाटायचा. आणि या नगरातले लोक? ते सभेला जायचे नाहीत. पगड्या पाठवायचे.

ही पगडीची भानगड आधी नीट सांगितली पाहिजे. कोणे एके काळी एका म्हाताऱ्या वैद्याचा पाय मोडला. त्याला सभेला येता येईना. तेव्हाचा राजा मोठ्या मनाचा. तो म्हणाला, "वैद्यबुवांची पगडी आणून त्यांच्या जागेवर ठेवा. ती पगडी म्हणजे वैद्यबुवाच हजर आहेत असं आम्ही समजू." किती चांगली गोष्ट! पण चांगल्या गोष्टीची वाट कशी लावायची, हे या लोकांना कुणी शिकवावे लागत नसे. पुढच्या सभेला ज्याला सर्दी झाली होती त्याने पगडी पाठवली. त्यापुढच्या सभेला ज्याच्या घरी पाहुणे आले होते त्याने. मग ज्याला नुसताच कंटाळा आला होता त्याने. होता होता सभेच्या सकाळी राजाचा चोपदार हातगाडी घेऊन दारोदार फिरू लागला. लोक उंबऱ्यातूनच पगडी त्याच्या हातात देत आणि आत जाऊन आडवे होत. चोपदार मंडपात पगड्या ओळीने मांडी आणि खणखणीत आवाजात म्हणे, "सभा पूर्ण भरली आहे!"

राजाची माणसेही काही कमी नव्हती, हेही सांगून टाकतो. त्यांना हे सोयीचेच होते. पगड्या शंका काढत नाहीत, पगड्यांना राग येत नाही. शिवाय नियम असा, की जो हजर असून बोलला नाही त्याला सगळे मान्य आहे. आणि सभा ठेवायची ती नेमकी बाजाराच्या दिवशी, टळटळीत उन्हात. का? तर म्हणे पूर्वीपासून असेच आहे. असल्या उत्तरावर माणसाने काय बोलावे?

तर एकदा दवंडी पिटली गेली. "ऐका हो ऐका! नदीवर दगडी पूल होणार आहे! बाजाराच्या दिवशी दुपारी सभा आहे! ज्याला जे सांगायचं असेल त्यानं ते येऊन सांगावं हो!"

झाले. नगराला दुसरा विषय उरला नाही. संध्याकाळी पिंपळाच्या पारावर बसायला जागा मिळेना. कुणी म्हणे पूल हत्तींसाठी आहे, कुणी म्हणे राजाच्या मेहुण्याच्या मळ्यापर्यंत जायला आहे. सगळ्यांत वरचा आवाज अर्थातच तांबटाचा. दिवसभर ठोकाठोकीत राहून त्याला हळू बोलताच येत नसे. आणि खरे सांगायचे तर त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते, म्हणून तर मला त्याचा जास्त राग येतो.

"पूल वेशीबाहेर नेऊन राजमार्गाला जोडणार आहेत म्हणे," तांबट म्हणाला. "गाड्यांची सोय झाली. पण पायी जाणाऱ्यानं काय करायचं? अख्ख्या नगराला वळसा घालायचा? अरे, पूल आपल्या आळीवरूनच जातोय ना? मग इथं चार पायऱ्या काढा की खाली! आणि होडी चालू ठेवा. यात अवघड काय आहे?"

"अगदी माझ्या मनातलं बोललात," तेली म्हणाला.

"हे सभेत कुणीतरी सांगायला पाहिजे," वाणी म्हणाला.

"कुणीतरी कशाला? मी सांगणार!" तांबटाने मांडीवर थाप मारली. "राजासमोर सांगायची वेळ आली तरी सांगणार!"

"मग काळजी मिटली," वाणी म्हणाला. "तुम्ही बोललात म्हणजे आमचंही त्यातच आलं."

"आमचंही धरा," तेली म्हणाला. पारावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जो तो निर्धास्त होऊन घरी गेला.

घरी तांबटीण वाट पाहत होती. तिला या पुलाची बाकीच्यांसारखी नुसती चर्चा करायची नव्हती. तिची आई पलीकडच्या काठाला एकटीच राहत होती. म्हातारीचे पाय गेलेले, अंथरुणावरून उठता येत नव्हते. जावयाच्या घरी येऊन राहायचे नाही, हा तिचा हट्ट. म्हणून तांबटीण रोज सकाळी भाकरी आणि कालवण बांधून पहिल्या होडीने जायची, आईचे तोंड धुवायची, तिला भरवायची, उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायची आणि परत यायची.

"अहो, सभेत तेवढं नक्की विचारा," ती म्हणाली. "होडी बंद होणार का? आणि पायऱ्या निघणार का? मला वेशीबाहेरून वळसा घालून जायचं म्हटलं तर पोचेपर्यंत दुपार होईल. तोवर आई उपाशी राहायची."

"अगं, तेच तर बोलणार आहे मी," तांबट म्हणाला. "सगळं नगर माझ्या तोंडाकडे बघतंय. तू निर्धास्त राहा."

बाजाराचा दिवस उजाडला. तांबटीण नेहमीप्रमाणे आईकडे गेली. तांबटाने धुतलेले धोतर नेसले, पगडी चढवली, आरशासमोर उभे राहून भाषण म्हणून पाहिले. ते झकास जमले. इतक्यात दारात चोपदाराची गाडी आली. तांबटाने डोकावून पाहिले. गाडीत तेल्याची पगडी होती, वाण्याची होती, अख्ख्या पाराच्या पगड्या होत्या.

"काय हो, बाकी कुणीच जाणार नाही?" तांबटाने विचारले.

"सगळे म्हणाले, तांबट जाणार आहेत," चोपदार म्हणाला. "तुमचं काय, देता का येता?"

तांबटाने बाहेर पाहिले. ऊन तापायला लागले होते. मंडप चांगला लांब होता. पारावर माना डोलावणारे कुणी तिथे नसणार, हेही त्याच्या लक्षात आले. त्याला एकदम ते सुप्रसिद्ध वाक्य सुचले, जे ऐकले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तो म्हणाला, "एकट्यानं बोलून काय होतंय? त्यांनी ठरवायचं ते आधीच ठरवलेलं असतं."

आणि त्याने डोक्यावरची पगडी काढून गाडीत ठेवली.

तिकडे मंडपात काय चालले होते? पूल बांधणारा स्थपती दूरच्या देशातून आला होता. भला माणूस. त्याने एका मोठ्या पाटावर ओल्या मातीची नदी, मातीची वेस आणि मातीचा पूल करून आणला होता. माती सुकू नये म्हणून त्यावर ओले फडके घातले होते. त्याने फडके बाजूला केले, हात जोडले आणि विचारले, "मंडळी, मी या नगरात नवखा आहे. तुम्ही कुठून येता, कुठं जाता, मला ठाऊक नाही. पूल कुठं उतरला म्हणजे तुमची सोय होईल?"

पगड्या गप्प बसल्या.

"पायी येणाऱ्यांसाठी मधे कुठं पायऱ्या हव्यात का?" त्याने विचारले.

पगड्या काही बोलल्या नाहीत. चोपदार खांबाला टेकून पेंगत होता. स्थपतीने बिचाऱ्याने होडीचे विचारले, घाटाचे विचारले, धुणे धुणाऱ्या बायकांचे विचारले. पगड्यांना तो किती वेळ विचारत राहिला असेल, या विचाराने मला आजही कानकोंडे होते.

तेवढ्यात तांबटीण मंडपात शिरली. होडीतून उतरून घरी गेली तर नवरा जेवून घोरत पडलेला. शेजारणीने सांगितले, पगडी गेली आहे. तशीच ती उन्हातून आली होती.

"मला बोलायचं आहे," ती धापा टाकत म्हणाली.

चोपदार जागा झाला. "घर कोणतं?"

"तांबटाचं."

"तुमची हजेरी लागली आहे, बाई. ही बघा पगडी. एका घराला एकच जागा."

"मग ती उचला, मी बसते."

"सभा सुरू झाल्यावर पगडी हलवता येत नाही. नियम आहे."

"ही पगडी बोलणार आहे का?" तांबटिणीने विचारले.

"नाही बोलली तर मान्य आहे असं धरतात," चोपदार म्हणाला. त्याला यात काही चुकीचे वाटत नव्हते.

"चोपदार, ऐकू तर द्या त्या काय म्हणतात," स्थपती म्हणाला.

"नियम महाराजांचा आहे. मोडायचा असेल तर महाराजांना विचारा. ते शिकारीला गेले आहेत."

स्थपती चाकरीतला माणूस. त्याने मान खाली घातली. मग तो पाट सोडून तांबटिणीजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, जागेवर बसलेल्यानं सांगितल्याशिवाय मला पाटावर काही हलवता येत नाही. ज्यांची पगडी आहे त्यांनाच घेऊन या. ते आले की पगडीचा प्रश्नच मिटला. माती अजून ओली आहे, बोटानं सरकते. ऊन उतरेपर्यंत मी थांबतो."

तांबटीण धावतच घरी गेली. तिने नवऱ्याला हलवून उठवले.

"अहो, उठा! तो माणूस विचारतोय, पायऱ्या कुठं हव्यात म्हणून! तो थांबलाय तुमच्यासाठी!"

तांबट उठून बसला. क्षणभर त्याचे डोळे चमकले. खुंटीकडे हात गेला आणि तिथेच थांबला.

"पण पगडी?" तो म्हणाला.

"पगडी तिकडे आहे."

"मग मी घराबाहेर पडू कसा? उघड्या डोक्यानं?"

"पंचा गुंडाळा डोक्याला!"

"पंचा गुंडाळून सभेला? लोक काय म्हणतील?"

"लोक कुठं आहेत तिथं? नुसत्या पगड्या आहेत!" तांबटीण ओरडली. तिचे डोळे भरून आले. "अहो, माझ्या आईचा प्रश्न आहे. तुम्हीच तर बोलणार होतात ना?"

"बोलणारच आहे. पण असं उघडंबोडकं जाऊन बोललं तर वजन पडत नाही. पुढच्या सभेत बघू."

तांबटीण वाण्याकडे गेली. वाणी उघड्या डोक्याने ओसरीत बसला होता. "आलो असतो हो," तो म्हणाला, "पण पगडी नाही ना." तेल्याकडे गेली. तेलीही तसाच अडकलेला. साऱ्या नगरातले कर्ते पुरुष घराघरांत डोके उघडे म्हणून कोंडून बसले होते, आणि त्यांच्या पगड्या तिकडे सगळ्याला मान्यता देत होत्या! याला काय म्हणायचे ते तुम्हीच म्हणा.

स्थपती ऊन उतरेपर्यंत थांबला. मग आणखी थोडा थांबला. शेवटी चोपदार कंटाळला. त्याने उभे राहून म्हटले, "सभा पूर्ण भरली होती. कुणाचीही हरकत नाही. पूल सर्वानुमते मंजूर!" संध्याकाळी पगड्या घरोघर परत आल्या. त्या चढवून सगळे पारावर जमले, आणि सभेत काय झाले असेल यावर चर्चा सुरू झाली.

काम सुरू झाल्याबरोबर होडी बंद झाली, कारण पुलाचा पहिला खांब धक्क्याच्या जागीच यायचा होता. पूल झाला तो मात्र देखणा झाला, हे कबूल केले पाहिजे. तांबटाच्या आळीवरून तो उंच निघून जायचा. खाली उभे राहून मान वर केली की गाड्यांची चाके दिसायची. वर जायचे तर वेशीबाहेर चालत जाऊन राजमार्गावरून चढायचे.

मग पारावर जो गदारोळ उठला तो काय सांगावा! "आम्हाला कुणी विचारलंच नाही!" तेली म्हणाला. "सामान्य माणसाचं ऐकतो कोण?" वाणी म्हणाला. तांबट तर पेटलाच होता. सगळे मिळून स्थपतीकडे गेले. या वेळी एकूण एक पगडीखाली डोके होते.

"पायऱ्या काढून द्या," तांबट गरजला.

"आता कमानी बसल्या," स्थपती म्हणाला. "मधले दगड काढले तर पूल खाली येईल. तेव्हा सांगितलं असतंत तर मला आनंदच झाला असता."

ते परत आले आणि पारावर बसून स्थपतीला नावे ठेवू लागले.

तांबटीण मात्र पहाटे उठून भाकऱ्या थापायची, घरची कामे भराभर उरकायची आणि वेशीबाहेरून वळसा घालून निघायची. कितीही घाई केली तरी पोचायला दुपार व्हायची. म्हातारी दाराकडे डोळे लावून पडलेली असायची. "उशीर झाला गं," एवढेच म्हणायची. उन्हाळा आला. वाट तापू लागली, तांबटिणीच्या पायांना फोड आले. एके दिवशी ती पोचली तेव्हा पाण्याचा तांब्या कलंडून पडला होता आणि आईचा हात त्याच्या दिशेने तसाच लांब राहिला होता. म्हातारी गेली होती. जवळ कुणीही नव्हते.

निरोप कळला तसा तांबट वळसा घालून पोचला. त्याच्यामागे आळीतली माणसेही आली. अंगणात सगळे बसले होते. तांबटाला काय बोलावे सुचेना, आणि काही सुचले नाही की तो जे बोलायचा तेच बोलला.

"त्या स्थपतीनं मारलं सासूबाईंना," तो मोठ्याने म्हणाला. "होडी असती, पायऱ्या असत्या, तर हे झालं नसतं. मी तर आधीपासून सांगत होतो!"

"खरं आहे," वाणी म्हणाला. माना डोलल्या.

तांबटिणीने डोळे पुसले. ती नवऱ्याकडे पाहून शांतपणे म्हणाली, "तो माणूस थांबला होता. ऊन उतरेपर्यंत थांबला होता, परका असून. तुम्हाला बोलवायला मीच आले होते. तुम्हाला डोकं उघडं दिसायची लाज वाटली." मग तिने वाण्याकडे आणि तेल्याकडे पाहिले. "तुमच्याही दारात आले होते मी."



पुढे काही काळाने पुन्हा दवंडी आली. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नगरात आणायचे होते; हौद कुठे बांधायचे ते सभेत ठरणार होते. पारावर चर्चा झाली. "तांबट जातीलच," वाणी म्हणाला, आणि सकाळी त्याने पगडी गाडीत टाकली. हो, टाकली. तुम्हाला वाटले असेल की नगराला अक्कल आली. मलाही पहिल्यांदा ऐकताना तसेच वाटले होते.

तांबट मात्र या वेळी स्वतः गेला. डोक्याला काही न गुंडाळता, भर उन्हात, तांबटिणीला बरोबर घेऊन गेला. मंडपात पगड्यांच्या ओळी होत्या आणि त्यांच्यापुढे तोच स्थपती मातीचा पाट घेऊन बसला होता. तांबटाने आपली जागा बायकोला दिली आणि तो मागे उभा राहिला.

"आमच्या आळीत म्हाताऱ्या माणसांना लांब जाववत नाही," तांबटीण म्हणाली. "हौद आळीच्या तोंडाशीच असला तर बरं होईल."

"इथं?" स्थपतीने विचारले आणि मातीचा हौद बोटाने थोडा सरकवला.

"थोडा अलीकडं."

त्याने तो थोडा अलीकडे घेतला. "झालं," तो म्हणाला.

तांबट पाहतच राहिला. "एवढंच?" त्याने विचारले. त्याचा तो मोठा आवाज पुरता बसला होता.

"एवढंच," स्थपती म्हणाला.

तांबट तिथेच मंडपाच्या जमिनीवर खाली बसला आणि हमसून हमसून रडू लागला. तांबटीण जागेवरून उठली. मग तीही त्याच्याजवळ बसली. चोपदाराने बाकीच्या पगड्यांकडे पाहिले आणि नेहमीसारखे जाहीर केले की कुणाचीही हरकत नाही.

तांबटाच्या आळीत हौद दाराशी आला. बाकीच्या आळ्यांमधले लोक पाण्याला लांब जातात, आणि येताना पारावर घागर टेकवून राजाला शिव्या देतात.

तात्पर्य: तुमचे म्हणणे कितीही खरे असले तरी ते जिथे आणि जेव्हा विचारले जाते, तिथे आणि तेव्हा स्वतः जाऊन सांगा. दुसरा कुणी सांगेल म्हणून घरी बसलात, तर तुमचे गप्प बसणे हाच तुमचा होकार धरला जातो, आणि त्याचा वळसा बऱ्याचदा भलत्याच कुणाच्या पायांना पडतो.